कन्सोल नावाचा करार
व्हिडिओ गेमच्या अभ्यासाची प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या बातम्या नेमानं वाचणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: या प्रांतात सगळे सदासर्वकाळ कशावर तरी चिडलेले असतात. एप्रिल २०२५मध्ये निन्टेन्डोनं ‘स्विच २’ या नव्या कन्सोलची ओळख करून द्यायला थेट प्रक्षेपण सुरू केलं, तर बाजूच्या चॅटमध्ये प्रेक्षकांनी ‘किंमत उतरवा’ या एकाच मागणीचा रतीब घातला. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या गेमची किंमत अमेरिकेत ऐंशी डॉलर ठेवली होती आणि सत्तराच्या पुढं जाणं म्हणजे दरोडा, असं लोकांचं मत होतं. गेम लांबला की लोक चिडतात, घाईघाईनं बाहेर काढला की त्याहून जास्त चिडतात. एखादा स्टुडिओ विकला गेला, एखादा सर्व्हर बंद झाला, आपल्या लाडक्या कन्सोलचा खास गेम शेजाऱ्याच्या कन्सोलवर गेला, की पुन्हा तेच. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा पोरखेळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही. लोक कशावर चिडतात हे नीट पाहिलं, तर आपल्याला कोणता शब्द दिला गेला होता असं त्यांना वाटतं, ते कळतं. पुढची सगळी प्रकरणं त्या शब्दाच्या मागं लागलेली आहेत.

वाचक दोन तऱ्हेचे येतील असं मी धरून चाललो आहे. एकाचं बालपण बटणं झिजवण्यात गेलेलं आहे, आणि ‘यात कसला आलाय अभ्यास?’ हे त्यानं घरात इतक्यांदा ऐकलंय की आता त्यालाही ते खरं वाटतं. दुसरा साहित्य, समाजशास्त्र, कायदा असं काहीतरी शिकलेला आहे आणि फोनवरच्या लुडोपलीकडं त्याची मजल गेलेली नाही. दोघांनीही निर्धास्त आत यावं. पहिल्याचं ज्ञान बोटांत आहे. ते शब्दांत आणायला थोडी मदत लागेल, एवढंच. दुसऱ्याला प्रश्न विचारायची सवय आहे, ती इथं फार कामाची आहे. त्याला अट एकच: हे पुस्तक मिटायच्या आत एखादा तरी गेम चांगला सपाटून हरेपर्यंत खेळावा. हरल्याशिवाय गेमचे नियम कळत नाहीत, आणि नियम कळल्याशिवाय या विषयात काहीच कळत नाही.

खेळाचा गंभीर विचार गेमपेक्षा जुना आहे. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८मध्ये ‘होमो लुडेन्स’ लिहिलं आणि खेळ ही संस्कृतीची करमणूक नसून तिचं मूळ आहे, असा धीट दावा केला. वीस वर्षांनी फ्रान्सच्या रॉजे कायवा यांनी खेळांची चार गटांत वाटणी केली: चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ. मराठी वाचकाला ही वाटणी समजून घ्यायला पॅरिसला जावं लागत नाही. कबड्डीत चुरस आहे, सारीपाटाच्या फाशांत नशीब आहे, भातुकलीत सोंग आहे. भोवळीशी पुस्तकी अभ्यासक थोडे अडखळतात, पण मंगळागौरीला फुगडी घातलेल्या कुठल्याही बाईला ती समजावून सांगायची गरज नाही. तिथं जिंकायचं काही नसतं, मिळवायचं काही नसतं, गरगर फिरण्यातच सगळं आलं. गाडी पळवायच्या एखाद्या गेममध्ये या चारही गोष्टी एकाच वेळी सापडतात, आणि कुठली किती हे ठरवणं हा डिझायनरच्या कामाचा मोठा भाग असतो.

मराठीला खेळांच्या नोंदीचं वावडं कधीच नव्हतं. खोखोचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. आट्यापाट्यांच्या पाट्या किती लांब असाव्यात, यावर आपल्याकडं पोटतिडकीनं वाद झाले आहेत. मैदानी खेळांचा इतका बारकाईनं विचार करणाऱ्या भाषेनं पडद्यावरच्या खेळाला मात्र ‘डोळे खराब होतात’ आणि ‘मुलं बिघडतात’ या दोन वाक्यांत वाटेला लावलं. चाळीस वर्षांत त्यात फारशी भर पडली नाही, हे शोभत नाही असं मला वाटतं.

या क्षेत्रातला एक वाद नवख्या वाचकाला सगळीकडं भेटेल, म्हणून तो इथंच आटपतो. गेमकडं गोष्ट म्हणून पाहायचं की नियमांची रचना म्हणून? १९९७मध्ये जॅनेट मरे आणि एस्पेन आरसेथ यांची पुस्तकं आली, २००१मध्ये आरसेथच्या संपादनाखाली ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक सुरू झालं, आणि पुढची काही वर्षं दोन्ही बाजूंनी भरपूर शाई खर्च झाली. आज मागं पाहताना त्यातून हाती काय लागलं, असा प्रश्न पडतो. एकच गोष्ट ठाम लागली: नियम स्वतःच बोलतात. इयन बोगोस्ट यांनी २००७मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला, पण मोक्षपट ज्यांनी पाहिलाय त्यांना तो अर्ध्या मिनिटात पटेल. परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेल्या या पटावर साप दुर्गुणांचे आहेत आणि शिड्या सद्गुणांच्या. कुणी प्रवचन करत नाही. कवड्या पडतात, साप गिळतो, खेळणारा खाली येतो, आणि कशामुळं आला हे घरावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी १९०४मध्ये एका पटाचं पेटंट घेतलं, जमीनमालक भाड्यावर गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात हे लोकांना दाखवायला. त्या पटाचाच पुढं ‘मोनोपॉली’ झाला, आणि शेजाऱ्याला कंगाल करण्यात लोकांना भलतीच मजा येऊ लागली. आपल्याकडं तो ‘व्यापार’ होऊन घरोघर गेला. नियम बोलतात खरे, पण ऐकणारा काय ऐकेल याची हमी नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडं येतो. पटाच्या खेळात सगळे नियम डब्याच्या झाकणावर छापलेले असतात. व्हिडिओ गेमचे तसे नसतात. काही नियम गेममध्ये असतात, काही यंत्राच्या पोटात असतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचे कंपन्यांच्या कपाटातल्या कागदांवर असतात. कन्सोल हे यंत्र बरेचदा फारसा नफा न घेता, कधी तोटा सोसूनही विकलं जातं. पैसा मिळतो तो त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून, जिथं साधारण तीस टक्क्यांच्या आसपास वाटा यंत्राच्या मालकाचा असतो. म्हणून कन्सोल हा मी मुळात एक करार समजतो. यंत्र बनवणारा, गेम बनवणारा आणि विकत घेणारा असे तीन पक्ष. दोघांनी सही केलेली असते आणि तिसऱ्याला कलमं सहसा दाखवत नाहीत. गेमच्या जगातल्या बहुतेक बातम्या या कराराची कलमं बदलल्याच्या बातम्या असतात. तशा वाचल्या, की त्या एकदम बोलू लागतात.

याची सुरुवात पाहायची तर १९७७ सालचा अटारी व्हीसीएस उघडून बघावा. टीव्हीच्या जुन्या नळीत किरण एक रेघ ओढतो, मग तिच्याखालची, असं करत पडदा भरतो. अख्खं चित्र साठवून ठेवायला या यंत्राकडं जागाच नव्हती; त्याची स्मृती होती १२८ बाइट, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तीत मावणार नाही. त्यामुळं प्रोग्रामरला किरणाच्या पुढं पुढं पळावं लागे. एक रेघ पुरी होईपर्यंत प्रोसेसरला ७६ चक्रं मिळत. तेवढ्यात पुढच्या रेघेत काय दिसायचं ते चिपला सांगून मोकळं व्हायचं, आणि उरलेल्या वेळात गुण मोजायचे, जॉयस्टिक वाचायची, आवाज काढायचा. हलत्या आकृत्यांसाठी यंत्रात सोय होती ती दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू एवढ्यांची, कारण ते ‘पाँग’सारखे गेम चालवायला बनवलेलं होतं. १९८२मध्ये त्यावर ‘पॅक-मॅन’ आणला, तेव्हा चार भुतं एकाच आकृतीच्या जागेत आळीपाळीनं दाखवावी लागली आणि ती लुकलुकू लागली. ‘भुतं धड दिसत नाहीत’ ही गिऱ्हाइकांची तक्रार होती. तिचं उत्तर पाच वर्षांपूर्वी कुणीतरी चिपचा खर्च वाचवताना देऊन ठेवलेलं होतं.

हे गेम लिहिणाऱ्यांचं नाव मात्र डब्यावर कुठंच नसे. अटारीत तसा शिरस्ता नव्हता. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरनं ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिच्यात आपलं नाव चमकत ठेवलं आणि कुणाला न सांगता नोकरी सोडली. पुढं एका पोरानं ती खोली शोधून कंपनीला पत्र धाडलं, तेव्हा कुठं अटारीला कळलं. इतर चौघांनी १९७९मध्ये आणखी सरळ मार्ग धरला. डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्याबरोबर त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम विकणारी ही पहिली कंपनी. अटारीनं दावा लावला. १९८२मध्ये तडजोड झाली. दार उघडलं ते सगळ्यांसाठीच उघडलं, आणि त्याला कडीच नव्हती. ज्यांना गेम म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं अशांनी गेम काढले, दुकानांत ढीग लागले, भाव कोसळले, आणि १९८३पासून अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार अक्षरशः बसला.

या बसण्याची दंतकथा अशी, की ‘ई.टी.’ नावाच्या एका भिकार गेमनं सगळा धंदा बुडवला आणि त्याच्या लाखो कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. हावर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो गेम पाचेक आठवड्यांत उरकावा लागला हे खरं. कॅसेटी पुरल्या हेही खरं. एप्रिल २०१४मध्ये माहितीपटासाठी ती जागा उकरली तेव्हा त्या निघाल्या. पण ‘ई.टी.’बरोबर अटारीचे इतर कितीतरी गेमही निघाले. म्हणजे पुरला गेला तो गोदामातला न खपलेला माल, एका गेमचं पाप नव्हे. शिवाय हा प्रलय अमेरिकेपुरता होता. ब्रिटनमधली मुलं त्या वर्षी स्पेक्ट्रम संगणकावर मजेत खेळत होती आणि जपानमध्ये तर धंदा नुकता उभा राहत होता. ‘१९८३ साली गेम उद्योग कोसळला’ हे वाक्य जिथं दिसेल तिथं कुठला उद्योग आणि कुणाचा, असं विचारायची सवय लावून घ्यावी.

१५ जुलै १९८३ला निन्टेन्डोनं जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला. क्योटोची ही कंपनी १८८९पासून हानाफुदा पत्ते विकत होती; तिला खेळण्यांचा धंदा नवा नव्हता. दोन वर्षांनी हेच यंत्र एनईएस या नावानं न्यूयॉर्कच्या दुकानांत गेलं तेव्हा त्यात एक भर पडली होती, आणि माझ्या मते या उद्योगाच्या इतिहासात तिच्याइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही. ती होती कुलपाची चिप. एक यंत्रात, तिची जोडीदारीण कॅसेटमध्ये. दोघी सतत एकमेकींशी ठरलेल्या संकेतांत बोलत राहायच्या. उत्तर चुकलं की यंत्र दर सेकंदाला पुन्हा पुन्हा सुरू व्हायचं आणि लाल दिवा उघडझाप करत बसायचा. गेम काढणाऱ्या कंपन्यांना अटी अशा: कॅसेट निन्टेन्डोच्याच कारखान्यात बनवून घ्यायची, पैसे आगाऊ भरायचे, वर्षाला पाचापेक्षा जास्त गेम काढायचे नाहीत, आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही. अटारीची कडी नसलेली चौकट आता पोलादी झाली.

कुलूप आलं की किल्ल्या करणारे आलेच. कोनामीनं पाचाची मर्यादा टाळायला ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची दुसरी पाटी लावली. अटारी गेम्सच्या माणसांनी तर कमाल केली: कोर्टात दावा चालू आहे असं खोटंच लिहून देऊन अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून कुलपाच्या चिपचा प्रोग्राम मिळवला, आणि त्यावरून आपली चिप बनवली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९२चा तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. प्रोग्राम उलगडून समजून घेणं चूक नाही, पण खोटं बोलून मिळवलेल्या प्रतीवरून नव्हे, असा त्याचा सारांश. माझ्या विद्यार्थ्यांना या खटल्यात हमखास रस वाटतो, आणि निन्टेन्डोची बाजू घ्यावी की नाही यावर त्यांचं एकमत कधीच होत नाही.

याच जागी आपल्या गावाची वाट येऊन मिळते. कुलूप अमेरिकेतल्या यंत्रात होतं. जपानच्या फॅमिकॉममध्ये नव्हतं. त्यामुळं आशियाभर त्याच्या नकला बनवणं सोपं गेलं. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावापर्यंत जे ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ पोचले, दिवाळीच्या सुट्टीत जे तासावर भाड्यानं मिळत, ते बहुतेक या नकलांच्याच वंशातले. ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेली पिवळी कॅसेट, जिच्यात तेच ते दहावीस गेम नाव बदलून परत परत येत. ‘काँट्रा’, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’, बदकं मारायची बंदूक. कॅसेट चालेना की तिच्या दातांवर फुंकर. वर वर खाली खाली, डावी उजवी डावी उजवी, आणि दोन बटणं: ‘काँट्रा’त तीस जीव देणारा हा मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ‘ग्रेडियस’साठी केला होता, कारण चाचणी घेताना तो गेम त्यांना स्वतःलाच जमेना. तो सांगली-जालन्याच्या पोरांना कुठल्याही मासिकाशिवाय पाठ होता. निन्टेन्डोच्या नोंदीत फॅमिकॉम आणि एनईएस मिळून सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रं विकली गेली. आपण खेळलो ती त्यात नाहीत. कंपनीच्या हिशेबात ज्यांनी तिचा एकही गेम कधी खेळलाच नाही, अशा कोट्यवधी मुलांना मारिओ ठाऊक आहे. इतिहास विक्रीच्या आकड्यांवरून लिहायचा ठरवला तर या पोरांना जागाच उरत नाही.

सोनीचा प्रवेशसुद्धा कराराच्याच भांडणातून झाला. निन्टेन्डोच्या यंत्राला सीडी जोडायचं काम सोनीकडं होतं आणि सीडीवरच्या गेमचे हक्क कागदावर सोनीकडं गेले होते. हे ध्यानात आल्यावर निन्टेन्डोनं जून १९९१मध्ये, सोनीनं शिकागोच्या प्रदर्शनात जाहीर घोषणा केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, फिलिप्सशी संधान बांधल्याचं सांगितलं. सोनीच्या केन कुतारागी यांनी मग वेगळं यंत्र करायचा हट्ट धरला; डिसेंबर १९९४मध्ये प्लेस्टेशन आलं. सीडी दाबायला कॅसेटपेक्षा कितीतरी स्वस्त होती, जागा भरपूर होती, आणि ‘फायनल फँटसी’वाली स्क्वेअर कंपनी निन्टेन्डोला सोडून तिकडं गेली. कुठलं यंत्र जास्त ताकदवान, यावर मुलं शाळेत हमरीतुमरीवर येत होती. गेम बनवणारे मात्र कुणाची कलमं बरी, ते बघत होते.

यावरून बातमी कशी वाचावी, याबद्दल थोडं सांगतो. आकडा दिसला की तो कुणी दिला ते आधी पाहावं. कारखान्यातून निघालेली यंत्रं, दुकानातून विकली गेलेली यंत्रं आणि ‘महिन्याला सक्रिय खेळाडू’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कंपनीला जी सोयीची ती ती सांगते. मायक्रोसॉफ्टनं २०१५पासून एक्सबॉक्सच्या विक्रीचा आकडा देणं थांबवलं. न दिलेला आकडाही बातमीच असते. खर्चाचे आकडे तर जवळजवळ कधीच मिळत नाहीत. त्यामुळं जून २०२३चा सॅन फ्रान्सिस्कोतला खटला अभ्यासकांना दिवाळीसारखा वाटला. मायक्रोसॉफ्टनं ६८.७ अब्ज डॉलरना अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड घ्यायचं ठरवलं होतं आणि अमेरिकी सरकारनं ते अडवायला कोर्ट गाठलं होतं. सोनीनं सादर केलेल्या एका कागदावर गुप्त मजकूर काळ्या मार्करनं खोडलेला होता. पण स्कॅन झाल्यावर काळ्या शाईखालचे आकडे वाचता येत होते. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ला २२ कोटी डॉलर लागले, हे जगाला असं कळलं. एका मार्करच्या पातळ शाईमुळं गेम महाग का होतात, पुढचा भाग यायला सहा-सात वर्षं का लागतात आणि कंपन्या नव्या कल्पनेला का घाबरतात, या वादाला पहिल्यांदा काही बूड मिळालं. ज्या चार प्रोग्रामरांनी अटारी सोडून उघड्या दाराची सुरुवात केली, त्यांच्या कंपनीचा शेवट ऑक्टोबर २०२३मध्ये एका यंत्रमालकाच्या घरात झाला. पुढच्याच जानेवारीत त्या मालकानं आपल्या गेम विभागातली १,९०० माणसं कमी केली.

तिसऱ्या पक्षाचं, म्हणजे विकत घेणाऱ्याचं, काय? ऑगस्ट २०२४मध्ये सोनीनं ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम आणला आणि पंधरा दिवसांत तो बंद करून पैसे परत केले. निदान परत केले. युबिसॉफ्टनं २०१४चा ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांच्याकडं डिस्क राहिली, चालत मात्र काही नव्हतं. रॉस स्कॉट यांनी त्यावर युरोपात मोहीम उभारली आणि जुलै २०२५मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कंपन्यांचं उत्तर असं, की तुम्ही गेम घेतलाच नव्हता, वापरायचा परवाना घेतला होता. कायद्यानं ते बहुधा बरोबर असेल. पण दुकानात बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहायचं आणि भांडणात परवाना काढून दाखवायचा, हा जो डाव आहे त्याला आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानातसुद्धा कुणी इमानदारी म्हणणार नाही.

जतनाचा प्रश्न इथूनच निघतो आणि तो वाटतो त्याहून बिकट आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३मध्ये पाहणी केली, तर अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा सरळ मार्गानं विकतच मिळत नव्हते. यंत्रांचं तर आणखीच अवघड. ती बदकं मारायची बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. जुन्या नळीच्या पडद्यावर प्रकाश नेमका कधी उमटतो यावरच तिचं नेमबाजीचं गणित बेतलेलं होतं. मग जपायचं काय, गेम, बंदूक की टीव्ही? एमुलेटर लिहिणारी हौशी माणसं १९९०च्या दशकापासून हे काम जवळजवळ फुकट करत आली आहेत आणि त्याबद्दल त्यांना नोटिसा मिळत आल्या आहेत. या क्षेत्रावर कुणाचं ऋण असेल तर आधी त्यांचं.

खेळणाऱ्यांच्या संस्कृतीवर पुढं दोन प्रकरणं आहेत, त्यामुळं इथं फार रेंगाळत नाही. कन्सोलवरून होणारी भांडणं आपसूक उगवली नाहीत. १९९०च्या सुमाराला सेगानं निन्टेन्डोचं नाव घेऊन टोमणे मारणाऱ्या जाहिराती केल्या, आणि शाळकरी निष्ठा विकत मिळते हे सगळ्यांना उमगलं. २०१४मध्ये त्याच निष्ठेचं विखारी रूप दिसलं, जेव्हा गेमवर लिहिणाऱ्या आणि गेम बनवणाऱ्या बायकांना महिनोन्‌महिने धमक्या येत राहिल्या. हिंसेचा प्रश्न अमेरिकेत १९९३च्या सिनेट सुनावण्यांत गाजला. २०११मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गेमना पुस्तकांसारखंच अभिव्यक्तीचं संरक्षण दिलं. पालकांनी मला सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न हाच असतो. माझं उत्तर थोडं निराशाजनक आहे: मुलगा कुणाला गोळ्या घालतोय त्यापेक्षा गेम त्याच्याकडं पैसे कसे मागतोय, ते आधी बघा.

आपल्याकडं हा पैशाचा प्रश्नच सगळ्या चर्चेवर बसला. ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि इ-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. रमीचं अ‍ॅप आणि ‘राजी’ एकाच मथळ्याखाली छापायची वर्तमानपत्रांची सवय आता तरी सुटेल अशी आशा आहे. ‘राजी’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. २०१७मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२०च्या ऑगस्टमध्ये तो स्विचवर आला आणि हरवलेल्या भावाला शोधणारी ती मुलगी जगभर पोचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युबिसॉफ्टनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं करायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं असल्याचं जाहीर केलं, ट्रेलरच्या चित्रांवर टीका झाली, तारखा लांबल्या, आणि मे २०२२मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. पहिल्या गेममध्ये नाव आपलं होतं आणि पैसा नव्हता. दुसऱ्यात पैसा होता, नाव दुसऱ्याचं होतं. मधे नवी मुंबईच्या गेमेशनचा ‘लुडो किंग’ आहे, जो टाळेबंदीत आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी खेळला आणि ज्याच्याबद्दल मराठीत एकही धड अभ्यासलेख माझ्या वाचनात नाही.

मराठीत या विषयावर काम करू पाहणाऱ्याला इंग्रजी पुस्तकांचा तुटवडा पडणार नाही. तुटवडा आहे तो इथल्या साधनांचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या पिवळ्या कॅसेटी कुठून येत, त्यांची लेबलं कोण छापी, घाऊक भाव काय असे, तासाचं भाडं किती, कुठल्या गेमला गिऱ्हाईक जास्त, बिघडलेला जॉयस्टिक दुरुस्त करणारा कारागीर तो शिकला कुठं: यातलं काहीच लिहून ठेवलेलं नाही. ते सांगू शकणारी माणसं अजून दुकानात बसतात. बहुतेक आता मोबाइलची कव्हरं विकतात. विद्यापीठातल्या कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर रेकॉर्डर घेऊन तिथं जावं, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. सोबत एखादी जुनी कॅसेट असली तर गप्पा लवकर सुरू होतात.